लीस्बेटने उचललेला शेवटचा लेथ

लीस्बेट हाऊबोल्ड जमिनीवर चालताना जरा अवघडल्यासारखी दिसायची. एकतीस वर्षं तिने आमच्या कारखान्याच्या छताखाली, क्रेनच्या काचेच्या खोलीत काढली होती. मी खाली साखळ्या अडकवायचो, ती वर उचलायची. पुरुषभर उंचीची दातेरी चाकं ती अशी अलगद टेकवायची, की खालची फळीसुद्धा कुरकुरत नसे.

तेव्हा पूर्व जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहराचा आमचा बुकाऊ भाग म्हणजे नुसता धूर आणि भोंगे. एल्बे नदीच्या काठाने कारखान्याला लागून कारखाना. महायुद्धाच्या शेवटी, पंचेचाळीसच्या जानेवारीत बॉम्ब पडून शहर जळालं, तेव्हा लीस्बेट सहा वर्षांची होती. आईने दोन्ही पोरांना ओढत नदीकडे नेलं. गर्दीत धाकट्या एर्विनचा हात सुटला, तो सुटलाच. हे ती मला एकदाच बोलली, डब्यातला पाव खाता खाता. "एर्विन असता तर तुझ्याच वयाचा असता."

आमचा सगळा माल रशियाला जायचा: सिमेंटच्या गिरण्या, पोलाद लाटायची यंत्रं. नव्वदच्या उन्हाळ्यात दोन्ही जर्मनी एक व्हायला निघाल्या आणि आमच्याकडे पश्चिमेचं चलन, मार्क, आलं. आम्ही रांगा लावून ते घेतलं, रस्त्यात नाचलो. पण त्याच मार्कात रशियनांना आमचा माल परवडेना. वर्षभरात चार हजारांतले तीनशे उरलो, तेही कारखाना आवरायला.

लोखंड कातायचा मोठा लेथ तुर्कस्तानला विकला गेला. क्रेनचे रूळ छताबाहेर थेट नदीच्या धक्क्यापर्यंत जायचे; तो उचलून तिथल्या मालबोटीत ठेवायचा होता. कारखाना मोडीत काढायला पश्चिमेतल्या हानोफरहून आलेले फोल्कमर साहेब लीस्बेटला म्हणाले, "फ्राऊ हाऊबोल्ड, हे तुम्हीच करा. दुसऱ्या कुणाचं काम नाही."

"खरंय. फाशीची गाठसुद्धा ज्याला येते त्यालाच मारायला सांगतात."

साहेब हसले. त्यांना ती गंमत वाटली.

"सरळ नाही म्हण ना," मी तिला बाजूला घेऊन म्हणालो.

"आणि कुणा अडाण्याने आपटला म्हणजे? बावीस वर्षं जपलाय मी त्याला, मेल्या."

नदीला पाणी कमी होतं. वजन तसूभर इकडेतिकडे झालं असतं तर बोट कलली असती. लीस्बेटने दोन तास घेतले. लेथ बसला, बोट जराशी खाली गेली, बस्स. नावाड्याने टोपी काढून हलवली. ती मात्र खाली उतरेना. अर्ध्या तासाने मी शिडी चढून गेलो, तर दांड्यांवर हात ठेवून ती तशीच बसलेली.

"आल्विन, आता काय उचलू?"

"चल खाली. कॉफी गार होतेय."

"होऊ दे."

नाताळाच्या आधी आम्हा दोघांना कामावरून कमी केल्याची पत्रं आली. रोजगार कचेरीने तिला कॉम्प्युटरच्या वर्गात बसवलं. "साठ टन उचलले रे मी, पण हा उंदीर काही हातात राहत नाही," ती म्हणायची. पन्नाशी उलटलेल्या बाईला कोण घेणार? तिची मुलगी बिर्गिट पश्चिमेत श्टुटगार्टला निघून गेली. आईलाही बोलवायची. लीस्बेट गेली नाही.

तीनेक वर्षांनी नव्या बाजार संकुलात मी तिला फरशी पुसताना पाहिलं आणि मान फिरवली.

"ए आल्विन! तोंड फिरवलंस तरी पाय पुसून जा!"

आजूबाजूचे हसले, मीही हसलो. ती हसली नाही. त्यानंतर मी तिथे मागच्या दाराने जाऊ लागलो. त्याची लाज अजून जात नाही.

दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत ती फुप्फुसाच्या आजाराने गेली. दफनाला कारखान्यातले आम्ही पाचजण होतो. दुसऱ्या दिवशी बिर्गिट घर आवरत होती. कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता तिने विचारलं, "काका, आई तिथे नेमकं काय करायची हो?"

मी सांगत बसलो. ती "हो का?" म्हणत पुढचा कप उचलत होती. संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली.

लीस्बेट माझ्याच इमारतीत राहायची; तिचं घर पुन्हा कुणी भाड्याने घेतलं नाही. इथे चाळीस बिऱ्हाडं होती, आता नऊ उरलीत. हिवाळ्यात वरचे दोन मजले गरम ठेवणंही बंद झालंय. गेल्या आठवड्यात घरं रिकामी करायची नोटीस आली. इमारत पाडणार आहेत म्हणे.