काकांची घाईतली बाई

एकच गाणं वर्षानुवर्षं वाजवून ते अख्ख्या पंचक्रोशीच्या मनातून उतरवण्याचं काम माझ्या मावशीच्या यजमानांनी जितक्या निष्ठेनं केलं, तितकं या पृथ्वीतलावर दुसऱ्या कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. काकांचा येरमाळ्यात लाउडस्पीकरचा धंदा. लग्न असो, बारसं असो, सोसायटीची निवडणूक असो, काकांचा कर्णा लिंबाच्या झाडावर चढला की पहिली लागायची ती 'बाई'. कुणा गायिकेच्या भावगीतांची ही तबकडी काकांनी लग्नानंतर लगेचच सोलापुरातून आणली होती. गायिकेचं नाव गावात कुणाला ठाऊक नव्हतं. तिला सगळे 'काकांची बाई' म्हणत, आणि खुशाल मावशीसमोर म्हणत. तबकडीवर गाणी बरीच होती, पण काकांचा जीव पहिल्यावर. ते संपलं की सुई उचलून पुन्हा पहिलंच. एकदा तर त्यांनी कुणाच्या तरी तेराव्याच्या जेवणालाही तेच लावलं आणि हरकत घेणाऱ्याला म्हणाले, "आवं, गेलेल्याच्या लग्नात बी ह्येच वाजलं व्हतं. त्याला वळखीचं वाटंल."

ही बाई गायची मात्र फार घाईत. येडशीच्या स्टेशनात गाडी सुटायला आल्यासारखी ती शब्दांमागून शब्द ढकलायची, आवाजही पोरसवदा, चिरका. शब्द एकालाही कळत नसत, पण चालीवर वरातीतले पाय आपोआप उचलत. बँडवाल्यांनीही ती चाल तशीच उचलली होती. कधी रेडिओवर तेच गाणं लागलं की इतकं संथ वाटे की लोक म्हणत, 'सेल उतरले वाटतं,' आणि रेडिओचे सेल काढून उन्हात ठेवत. शाळकरी वयात मी या गाण्याला इतका विटलो होतो की मावशीच्या घरी सुट्टीला जायचं म्हटलं की मी काहीतरी निमित्त शोधायचो.

काकांना कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं. जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं, बशी एका हातात आणि दुसऱ्या हातात वायरीचं वेटोळं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बसल्यावर आवाज बसतो." आवाजाबद्दल त्यांचं एक शास्त्रच होतं. ज्याचा मांडव लांबून ऐकू येतो त्याचा मान मोठा, ही त्यांची पक्की समजूत. त्यामुळे रोज सकाळी घराच्या पत्र्यावर कर्णा ठेवून चाचणी व्हायची, आणि आवाज ढोकीच्या रस्त्यापर्यंत पोचला नाही तर पुन्हा व्हायची. पत्र्याखाली मावशीची चूल होती. मावशी भाकरी थापता थापता एवढंच म्हणायची, "अहो, येकदा घरात लावा की तिला. हळू. काय म्हणतीय ती तरी कळू द्या." काका दारातून वायर ओढत सांगायचे, "अगं, साऱ्या गावाला ऐकू जातंय, तुलाच कसं न्हाय? लावू, सवडीनं लावू." आणि सायकलवर कर्णा बांधून निघून जायचे. हे संभाषण मी इतक्यांदा ऐकलंय की तेही त्या गाण्याचंच एक कडवं असावं असं मला वाटायचं.

मग डीजे आले. काकांचा कर्णा माळ्यावर गेला. तबकडी एका यात्रेत टेम्पोच्या टपावर उन्हात राहिली आणि पापडासारखी वाकली. मावशीचे कानही हळूहळू गेले. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा तिनं नुसतं वर पत्र्याकडे बोट केलं. काका त्या वेळी हसले होते. ऐकण्याचं यंत्र आणलं, पण ते घातलं की डोकं भणभणतं म्हणून तिनं ते फडताळात ठेवून दिलं.

गेल्या दिवाळीत पुण्याच्या एका दुकानात मला तीच तबकडी दिसली. मूळ ध्वनिमुद्रणावरून नव्यानं काढलेली खास आवृत्ती, जाडजूड, आत गाण्यांचे शब्द छापलेलं सुबक पुस्तक. ज्या गाण्याला मी आयुष्यभर शिव्या दिल्या, तेच मी हौसेनं विकत घेतलं, आणि वाजवायला नवं यंत्रही घेतलं. धाराशिवला घरी लावलं तर बाई चक्क सावकाश गात होती. आवाज प्रौढ, खालचा. मागे सारंगी आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. आणि शब्द! परगावी निघालेल्या नवऱ्याला बायको उंबऱ्यात म्हणतेय, घटकाभर बसा, मग जा. ज्या गाण्यावर आम्ही नाचलो, ते मी खुर्चीत बसून पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

पुढच्याच रविवारी मी सगळं घेऊन येरमाळ्याला गेलो. काकांनी तबकडी तळहातावर तोलली. यावर वजनसुद्धा छापलेलं असतं असं मी सांगितलं, तर म्हणाले, "का? पेढं हायत व्हय?" गाणं सुरू झालं. काका भिंतीला टेकून उभे. दोन ओळी ऐकल्या आणि त्यांचा चेहरा पडला. "बाई आजारी हाय का रं? तुजं मशीन बिघाडलंय. माजं आन." मी माळ्यावरून त्यांचं जुनं यंत्र काढलं, धूळ झटकली, नवी तबकडी त्यावर लावली. बाई सुसाट सुटली. काकांची कळी खुलली. "बग! ही खरी!" मी म्हटलं, "काका, पाकिटावर गाण्याचा वेळ छापलाय. तुमच्या मशीनवर ते आधीच संपतंय." काकांना हा यंत्राचा अपमान वाटला. त्यांनी तिथंच पेचकस घेतला आणि यंत्र उघडलं.

आतल्या मोटरीच्या दांडीवर काळ्या चिकटपट्टीचे वेढे होते. काका त्यांच्याकडे बघत राहिले. "ढोकीचं लगीन," ते हळूच म्हणाले. "तबकडी आनली त्याच हप्त्यात. चाक घसराय लागलं, तबकडी फिरंना, नवरदेव दारात उभा. म्या पट्टी गुंडाळली. दांडी जाड झाली, चाक पळाय लागलं. दुसऱ्या दिशी काढनार व्हतो." पट्टी आता दगडासारखी झाली होती. त्यांनी ती नखानं खरवडून काढली आणि म्हणाले, "लाव आता."

या वेळी बाई त्यांच्याच यंत्रावर, तिच्या स्वतःच्या आवाजात गायली. घटकाभर बसा, मग जा. काका ऐकता ऐकता खाटेच्या कडेवर बसले. चहा घेऊन आलेल्या मावशीनं ते पाहिलं आणि ती कप खाली ठेवून धावलीच. "काय झालं? छातीत दुखतंय का?" काकांनी नाही म्हणून मान हलवली. "बाई सावकाश गाती गं! पयल्यापासनं सावकाशच गात व्हती!" मावशीला ऐकू गेलं नाही. त्यांनी उठून आवाजाची कळ शेवटापर्यंत पिळली. भांडी थरथरली, शेजारचं कुत्रं भुंकू लागलं. मावशी कानावर हात ठेवून म्हणाली, "नुसती घरघर येतीय. बंद करा." काकांनी आवाज कमी केला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "साऱ्या मुलखाला ऐकवली. हिला तेवढी ऐकवली न्हाय. आता सवडच सवड हाय." मला त्यांचा आयुष्यभर राग आला होता, तो त्या क्षणी कुठं गेला कोण जाणे. फार वाईट वाटलं. काढून टाकायला दोन मिनिटं लागणारी ती पट्टी, आणि त्यात या दोघांचं केवढं आयुष्य गेलं.

मावशीला लिहिता-वाचता येत नाही. काकांनी ते शब्दांचं पुस्तक उचललं, चष्मा लावला, तिला हाताला धरून शेजारी बसवलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन पहिली ओळ मोठ्यानं सांगितली. मग दुसरी. सवयीनं ते भरभर सांगत होते. मावशी पदराचं टोक चाळवत ऐकत होती.

"दमानं सांगा," ती म्हणाली. "आता कुठं जायचंय तुमाला?"

काका थांबले. डोळे पुसले, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सांगू लागले.