दत्तूला मिळालेली सरकारी भाडेमदत

ह्या गोष्टीत शेवटी कोण फसलं, वळखून दाखवा. बरोबर सांगंल त्याची पॅन्ट फुकटात आल्टर करून देतो. पण न्हाय जमायचं तुम्हाला. मलाच शेवटाला कळलं.

आमी हितं आखातात, नजमा भागात एका खोलीत चौघं. दोघं नेपाळी, एक दत्तू पेंटर, आन मी. खोली माझ्या नावावर. म्हंजे समद्यांनी भाडं माझ्याकडं द्यायचं, आन मी मालकाला.

तर मालकानं भाडं वाढवलं. दत्तू समैस्मा गावातला एक बंगला रंगवून आला आन ऐकून भुईवरच बसला.

"नाना, न्हाय भागत आता. पोरीचं नर्सिंग बंद करतो. एकच वरीस राह्यलंय, पर काय करू?"

त्याचं तोंड मला बघवंना. आन मला बघवलं न्हाय की अंगात खोडी येती. म्हनलं, "आरं येड्या, सरकार गरीब भाडेकऱ्याला अर्धं भाडं देतंय. फॉर्म भरला का?"

आता इथलं सरकार त्यांच्या मानसांचं बघनार, तुमाआमाला कशाला दील? पर दत्तूचं डोळं चमकलं, आन मग मी थांबतोय व्हय? सुपरमार्केटच्या लकी ड्रॉचं कुपन पडलं होतं, अरबीतलं. मला मराठी वाचायची मारामार, त्याचीबी तीच गत. घेतला त्याचा अंगठा. वर आमच्या टेलर दुकानाचा शिक्का हाणला. हसू दाबून दाबून बरगड्या दुखल्या माझ्या.

एक तारखेला सांगनार होतो, चेष्टा केली म्हनून. तर दत्तूनं हातावर अर्धंच भाडं ठेवलं.

"आन बाकीचं?"

"सरकारचं तुमच्याकडंच येनार की. खोली तुमच्या नावावर. मी उरल्यालं फीला धाडलंबी."

मी तोंड उघडतोय तवर त्यानं फोन फुडं केला. व्हिडिओवर पोरगी, अंगात कॉलेजचा पांढरा ड्रेस.

"नाना, तुमी मागं लागला म्हनून मदत मिळाली. पप्पा सांगत होतं. हितनंच पाया पडते."

सांगा आता. तिला म्हनू, तुझ्या बापाची टिंगल केली?

म्हनलं, "शिक पोरी. लई चांगलं सरकार हाय." खलास.

तवापासनं सरकार म्हंजे मीच. विडीकाडी सोडली, शुक्रवारचं मटन सोडलं. तरी भागंना. मग माझी खाट सोलापूरच्या तानाजी ड्रायव्हरला भाड्यानं दिली, आन मी खाली, फ्रीजपाशी. दत्तूला सांगितलं, डाक्टर म्हनलाय पाठीला भुई बरी. त्यानं रोज संध्याकाळी माझ्या पाठीला तेल चोळायला घेतलं. दुखत नसल्याली पाठ, पर चोळतोय गडी मनापासनं.

फुडच्या एक तारखेला तानाजी पैसं घिऊन आला. मोजलं, तर अर्धंच.

"हे काय रं?"

"दत्तूभाऊ म्हनलं, उरल्यालं सरकार देतं. यल्ला, चला नाना, अंगठा कुठं मारू?"

दत्तू शेजारीच हुभा. "नानांची लई वळख हाय वर," म्हनतोय. न्हाय म्हनावं तर पोरीचं कॉलेज जातंय.

काढलं दुसरं कुपन.

आता तानाजी माझ्या गादीवर घोरतोय, मी फ्रीजपाशी कूस बदलतोय, आन त्या खाटेचं अर्धं भाडं मीच भरतोय.