हरभऱ्यातला शनिवार

दप्तराविना शनिवारचं मला असं काही वेड लागलं होतं, की शुक्रवारपासूनच पायाला भिंगरी. बेंबळीजवळच्या वस्तीवरची आमची शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक लिंब. लिंबाच्या बुंध्याला दोरी गुंडाळून परीघ, ओढ्यात मातीचे प्रकार, असं माझं चाललेलं. या मॅडमच्या बुडाला चटके बसतात, असं गावात म्हणायचे. मला ती शाबासकीच वाटायची.

त्या शनिवारी मात्र माझा छुपा डाव होता. तिसरीतली एक मुलगी जूनपासून वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. लिहायची मोत्यासारखं, पण बोल म्हटलं की मान खाली. तिची आई मेंढरं राखायची. संक्रांतीपर्यंत पोरीचं तोंड उघडलं नाही तर शाळा बंद, मेंढरांमागं नेणार, असं तिनं मला सरळ सांगितलं होतं. संक्रांत चार दिवसांवर आलेली. म्हटलं, वर्गात गप्प राहणारी पोर रानात तरी बोलेल.

खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या हरभऱ्यात आम्ही शिरलो. घाटे सोलायचे, प्रत्येकात दाणे किती ते लिहायचं, असा माझा गंभीर बेत. पाच मिनिटांत बावीस तोंडं भरली. एकानं वहीत शून्य लिहिलं, कारण दाणे पोटात गेले होते. मावशींनी बांधाकडच्या दोनच ओळी खायला दिल्या होत्या. तिसऱ्या ओळीला हात घातला तो मीच. ती मुलगी मात्र कडेला उभी, गप्प.

आणि काटेरी कुंपणाच्या दाराची झापी मी उघडीच टाकलेली. वाटेनं तिच्याच आईची मेंढरं चालली होती. पुढचं एक आत घुसलं, मग त्याच्यामागं सगळी. मी जीव खाऊन शिट्टी फुंकली. मेंढरं बिथरून आणखी आत. मी समोर जाऊन ओढणी फडकावली, पोरं हाट हाट करत माझ्याभोवती नाचायला लागली. मावशींच्या पिकाची काळजी वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला हसूच आवरेना.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातातली शिट्टी काढून घेतली.

"मॅडम, तुमी गप बसा."

तीच होती. पोरं जागच्या जागी थांबली, मी मुकाट खाली बसले. तिनं पुढच्या मेंढराची मान धरून तोंड वळवलं आणि जिभेनं टकटक करत बाहेर चालू लागली. सगळा कळप निमूट तिच्यामागं. आयुष्यात कुणी गप बसवल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आई धापा टाकत आली. तुमची पोर बोलली, बोलली, असं मी तिला तीनदा सांगितलं. तिनं आधी मेंढरांकडं पाहिलं, मग पोरीकडं.

"मॅडम, अशी राखणारी मला कुठं गावायची? आता हिला मेंढरामागंच नेते."

माझं हसू खाडकन उतरलं. पोरीनं शिट्टी माझ्या हातात ठेवली आणि आईपुढं जाऊन उभी राहिली.

"न्हाय. मेंढरं तू राख. मला साळंत जायचंय."

मग आई काठी खांद्यावर टाकून एकटीच कळपामागं निघाली.