मुनीमजींची उजवी बाजू

"हात नोको लावू पोरी," शेठाणी म्हणाल्या. "सोंगट्या आमच्या देवघराच्या कपाटातल्या आहेत. तू तोंडानं सांग, मुनीमजी हलवतीन."

सौसरच्या एका शाळेत बायकांची जलद बुद्धिबळाची स्पर्धा होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. प्रत्येकीला अर्धा तास. शेवटचा डाव जिंकला असता तर मी जिल्ह्याच्या संघात गेले असते. समोर शेठची मुलगी; शेठाणी तिची आई, मुनीमजी त्यांच्या पेढीवरचे. या डावाला शेठाणींनी घरच्या सोंगट्या आणल्या; आधीच्या डावांत शाळेच्या होत्या. त्या मी हाताळल्या तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मी पांढुर्ण्याच्या बौद्ध वस्तीतली. तिगाव स्टेशनवर संत्री विकत वाढले. गाडी हलायच्या आत सौदा पटवायचा, हीच सवय. म्हणून तिथंही भाव केला. "मुनीमजी सोंगटी ठेवतीन तोवर माझं घड्याळ बंद ठेवा."

पंच म्हणून बसलेले मास्तर म्हणाले, "बाई, खेळून राहिली का भांडून राहिली?"

हात न लावायची अट मी मान्य केली. ही लाज माझी. ती मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

मुनीमजी मुलीच्या मागे उभे. माझी प्रत्येक चाल ते सावकाश, वाकून, बोटं पुसून खेळायचे. माझं घड्याळ पळत होतं. तरी मी वरचढ होते. शेवटची तीन मिनिटं उरली. मी म्हटलं, "घोडा उजवीकडं. शह." राजा आणि वजीर, दोन्ही घोड्याच्या माऱ्यात.

मुनीमजींनी घोडा उजवीकडे ठेवला. त्यांच्या उजवीकडे.

मुलीच्या हत्तीनं तो लगेच मारला.

"माझी उजवी!" मी ओरडले.

"ठेवला तो ठेवला," मास्तर म्हणाले.

मागून कुणीतरी हसलं. "संत्र्याची टोपली हाय का वो, उलटीपालटी कराले?"

मी उठले. हत्ती मागे सारला. घोडा उचलला, माझ्या हातानं, आणि सांगितला होता तिथं ठेवला. "शह." घड्याळ दाबलं.

शेठाणी किंचाळल्या. मुलगी नुसती पटाकडे बघत राहिली. वजीर गेला, हे तिला कळलं होतं. अट मोडली म्हणून मास्तरांनी मला पराभूत ठरवलं आणि निकालाचा कागद सरकवला. "सही कर."

"मुनीमजींले सांगा ना. माझा हात कुठं चालते तुमाले?"

सही केली नाही. संघात ती गेली.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरला. खाली लिहिलं: सोंगट्या मी स्वतः हलवीन, नामंजूर असेल तर लेखी कळवा. लेखी कुणीच दिलं नाही. मी गेले. पहिल्याच डावाला समोरची बाई बसेना. सगळे माझ्याकडे बघू लागले, मीच समजून उठावं म्हणून.

जायचं असेल तर तिनं जावं. मी उठणार नाही.