आमच्या मसनवट्यातला राडारोडा

खंडाळ्याच्या एका बंगल्यात बाथरूम फोडायचं काम चाललं व्हतं. माज्या डोक्यावर फुटका कमोड. त्यातलं घान पानी मानंवरनं पाठीत उतरत व्हतं. मालकीणबाई नाकाला ओढणी लावून दारात उभी. ठेकेदाराला म्हनली, "पण हे सगळं जाणार कुठे? रस्त्याकडेला टाकू नका हं. लोक फोटो काढतात, मग दंड येतो."

ठेकेदार आमच्याच गावचा. वरच्या आळीतला, जमीनवाला. त्यानं हातसुदिक उचलला न्हाई, हनुवटीनंच मला दाखवलं. "काळजी नको मॅडम. हिच्या वस्तीत टाकतो. तितं कोन बोलत न्हाई."

बाईनं तवा मला पयल्यांदा बगितलं. सकाळपासनं तिच्या म्होरनं ये-जा करत व्हते, तवा दिसले न्हवते. हसली आन म्हनली, "थँक्यू हं, मावशी."

थँक्यू! जशी काय मीच माजी वस्ती तिच्या ओटीत घातली. अंगाचा तिळपापड झाला. पन डोक्यावर कमोड घेऊन मानूस काय बोलनार? गप बाहेर गेले आन ट्रॉलीत टाकला.

लोणावळ्याकडचा पाऊस लय वंगाळ. भिंतींना ओल धरती, रंग फुगतो, फरश्या उचकटत्यात. म्हनून बंगलेवाले सारखं घर फोडत्यात आन नवं करत्यात. नव्याचं कौतुक समद्यांना. जुनं कुटं जातं, ते आमाला इचारा.

ठेकेदाराची एक रीत व्हती. ज्या गावात राडारोडा वतायचा, तितलंच एक मानूस ट्रॅक्टरवर म्होरं बसवायचं. आपलं मानूस दिसलं की कोन आडवत न्हाई. त्या दिशी मला म्हनला, "बस म्होरं. तुमच्या वाटंला भराव पायजे ना? ह्यातल्या इटा चांगल्या हायत."

भराव पायजे व्हता, हे खरं. आमची बौद्धवस्ती गावाच्या खाली, ओढ्याच्या अंगाला. पावसाळ्यात वाटंवर गुडघाभर चिखल. भरावासाठी पंचायतीत हेलपाटे घालून चपला झिजल्या. मला वाटलं, कमोड-बिमोड बाजूला काढू, इटा वाटंवर पसरू. बसले म्होरं.

वस्तीत शिरलो तर आबा दारातच. आबा म्हंजी माजे चुलतसासरे. मला वर बसलेली बगून म्हाताऱ्याचं तोंड खुललं. "आला का भराव? लय बरं झालं पोरी." वाटंच्या शेवटाला आमचा मसनवटा. गुरं शिरू नयेत म्हनून काट्याचं कुंपन घातलेलं. ट्रॅक्टरला वळाय जागा लागंल म्हनून आबांनी सोताच्या हातानं काटी बाजूला वढली.

ट्रॅक्टर वळला न्हाई. थेट आत गेला. ट्रॉली उचलली. कमोड, काचा, फरश्या, वायरी, समदं एका दमात खाली. जितं आमी आमची मान्सं जाळतो, तितं.

आबा बगतच ऱ्हायले. त्यांची बायको उन्हाळ्यातच गेलती. "अगं," म्हनले, "हितं म्हातारीला जाळलीय आपल्या."

ठेकेदार मागनं मोटरसायकलवर आलता. आजवर मी त्याला अवो-जावो करत आले. माज्या सासूनं केलं, तिच्या सासूनं केलं. त्या दिशी तोंडात अरे आलं. "भर परत. आत्ताच्या आत्ता भर."

तो हसला. "अगं, जागा सपाट करून दिली तुमाला. मेल्यावर तरी फरशीवर झोपा."

मी एक एक तुकडा उचलून ट्रॉलीत टाकाय लागले. काच हातात घुसली. वस्तीतली मान्सं कडंला उभी, कोन हललं न्हाई. समद्यांची पोटं त्याच्याच कामावर. नवरा म्हनला, "गप घरी चल. काम जाईल." तेवढ्यात ड्रायव्हरनं ट्रॅक्टर पुडं काडला आन निगून गेला. काम तर गेलंच. दोघांचं.

पंचायतीत गेले. तितला मानूस चहा पीत पीत म्हनला, "तुमच्याच वस्तीची बाई गाडीवर बसून आली. कुंपण तुमच्याच माणसानं काढलं. मग ही तुमची संमतीच झाली की!" मला लाज न्हाई वाटली. राग आला, असा की दात दुखाय लागले. माजंच तोंड दावून माज्याच मान्सांना फसवलं, आन वर म्हनं संमती.

मंग गाड्या येतच ऱ्हायल्या. म्होरं बसायला कोनतरी घावतंच, पोट कुनाला चुकलंय.

आबा भर पावसात वारले. मसनवट्यात पाय ठेवाय जागा न्हवती. वरच्या आळीच्या मसनवट्याला शेड हाय, लोखंडी सांगाडा हाय. आबांना तितं जाळू द्या म्हनून वरच्या आळीला हात जोडले. म्हनले, "तुमची जागा हाय ना तुमाला?" शेवटी ओढ्याच्या उतारावर चिता रचली. लाकडं घसरत व्हती, बांबूनं रेटून धरली. वंदना म्हनतानाबी समद्यांचं ध्यान लाकडांवर. मंग पानी चढलं. आबा पुरते जळले न्हाईत. ते मी ह्या डोळ्यांनी बगितलंय.

हा ढीग कोन उचलंल असं मला आता वाटत न्हाई. घरातले म्हनत्यात, दुसरी जागा बगू. मी म्हनते, न्हाई. बगायची न्हाई.

समद्यांना सांगून ठेवलंय. मी मेले की मला ओढ्याला न्यायचं न्हाई. आदी त्या ढिगातनं माज्या मापाची जागा मोकळी करा, मंगच मला उचला. जमत नसंल तर घरात पडू द्या. वास सुटंल. सुटू द्या. वरच्या आळीपातूर गेला पायजे.