खारीची परवानगी

मी हिंगण्याकडच्या एका कॉलेजात संगणक शिकवते. आमच्याकडे एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरतात. त्याचं बोधचिन्ह म्हणजे शेपूट उभारून बसलेली खार. ते वापरणाऱ्यांचा मेळावा आमच्याकडे ठरला, तेव्हा मंचामागे ती खार विणलेलं कापड लावावं असं माझ्या मनात आलं. माझे बाबा विणकर. काकांनी दुसरी कामं धरली, बाबांचा माग मात्र अजून मागच्या खोलीत चालतो.

चित्र पाहून बाबांनी विचारलं, "हे कोनं काढलं? त्याले विचारलं काय?"

"फुकट आहे, बाबा."

"सॉफ्टवेअर फुकट हाये. चित्र बी हाये काय?"

ते मला माहीत नव्हतं. संकेतस्थळावरच्या अटी वाचल्या. एका पानावर होतं, चित्र कुणीही वापरावं, हवं तर बदलावं. चित्रकाराचं नाव द्यावं आणि बदल कुणी केला तेही लिहावं. दुसऱ्या पानावर होतं, खार हे आमचं नोंदलेलं चिन्ह आहे, तिचा आकार बदलू नये. दोन्ही पानं ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एकाच संस्थेची.

बाबांनी तोवर खार चौकटीच्या कागदावर उतरवली होती. मागावर गोलाई येत नाही, म्हणून शेपटीला पायऱ्या पडल्या होत्या. हा बदल म्हणायचा की नाही?

मी चित्रकाराला मेल केला. त्याचं उत्तर आलं : चित्र माझं, ते खुशाल वापरा, चिन्हाचं संस्थेला विचारा. संस्थेला विचारलं, तर काहीच आलं नाही.

"मले एवढंच सांग," बाबा म्हणाले, "विनू का नको?"

"विणा," मी म्हटलं. कशाच्या आधारावर म्हटलं, ते मलाही सांगता आलं नसतं.

चित्रकाराचं नाव त्यांनी चौकटी मोजून काठात विणलं; ती इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत. मग मी म्हटलं, "आता तुमचंही नाव टाका. अट आहे."

"माहं कायले? अन् नाव टाकलं म्हंजे म्या बदल केला असं कबूलच केलं ना वं. दुसरं पान तं बदलू नको म्हन्ते."

बाबांनी एक दिवस माग बंद ठेवला. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर कोपऱ्यात त्यांचं नाव बारीक अक्षरांत विणलेलं होतं. ते चहा पीत बसले होते.

मेळाव्याला संस्थेशी संबंधित एक गृहस्थ आले. त्यांनी कापडाचे फोटो काढले. मी अटींचं विचारलं तेव्हा म्हणाले, "माझ्या मते चालेल. पण माझं मत म्हणजे संस्थेचं मत नाही."

महिनाभरानं संस्थेचं उत्तर आलं : फोटो पाठवा, विचार करू. मी पाठवला. त्याला आता वर्ष झालं. ते कापड प्रयोगशाळेत कायमचं लावायचं म्हणून विभागप्रमुख मागे लागले आहेत, आणि मी त्यांना अजून हो किंवा नाही सांगू शकलेली नाही.