दोन बटणांची मॅडम

“आधी मला बसू द्या.”

मशीन बंद पडलं की सगळे मॅडमच्या लॅपटॉपकडं बघायचे आणि मॅडम स्टूल शोधायच्या. ओढणी कमरेला खोचून ऑपरेटरच्या जागी बसायच्या. त्या आमच्या कंट्रोल इंजिनियर, म्हणजे कुठलं मशीन कधी चालायचं आणि कधी थांबायचं, याचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या. मी त्यांच्या हाताखाली वायरिंग बघायचो. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. लोक त्यांना हट्टी म्हणतात आणि अडलं की त्यांनाच फोन लावतात.

मॅडम मूळच्या कन्नड तालुक्यातल्या. चहा पांचट झाला तरी आधी दूध, मग पावडर, मग पातेलं अशी चौकशी लावायच्या. कँटीनवाला त्यांना लांबून बघूनच पातेलं झाकायचा.

वाळूजच्या आमच्या कारखान्यात एका प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, एका कामगाराची दोन बोटं गेली. त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे हात आत राहू नये. पण एक बटण सायकलच्या ट्यूबनं कायमचं दाबून बांधून ठेवायची रीत पडली होती. मॅडमनी प्रोग्रॅम बदलला. दर वेळी दोन्ही बटणं सोडून पुन्हा एकदम दाबल्याशिवाय प्रेस हलेना. ट्यूबचा उपयोग संपला आणि मालही निम्म्यावर आला.

तिथले जुने ऑपरेटर चाचा भडकले. प्रॉडक्शनचे साहेब त्याहून.

“जुना प्रोग्रॅम टाका. माल न्यायला गाडी उभी आहे.”

“माझ्या हातून नाय व्हायचं साहेब. दुसरं माणूस बघा.”

“नोकरी नको झाली का?”

“नोकरी पायजे. लोकांची बोटंबी पायजेत.”

आणि स्टूल ओढून स्वतःच प्रेसवर बसल्या. चाचा लांबून मजा बघत होते. बराच वेळ झाल्यावर मॅडम वळल्या.

“चाचा, हा पत्रा सरकतोय. धरायला एक हात लागतो, व्हय ना?”

“अब समझे! ट्यूब क्या हम शौक से बांधते थे?”

“मंग सांगायचं ना.”

“बोले तो भी सुनता कौन?”

पत्रा अडकवायच्या पिना झिजल्या होत्या. टूलरूमवाले म्हणाले, नव्या बनवायला आठवडा लागेल. मॅडम तिथंच उभ्या राहिल्या. डबासुद्धा उभ्यानंच खाल्ला आणि नव्या पिना घेऊनच परतल्या. तरी त्या दिवशी माल पुरा झाला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. तो त्यांनी दिला, प्रोग्रॅमला मात्र हात लावू दिला नाही. हळूहळू चाचांचा हात बसला आणि माल पुरा व्हायला लागला. मला मॅडमचा फार अभिमान वाटला. तोंडावर म्हणालो नाही, कारण “मस्का नका लावू” हे ऐकावं लागलं असतं.

पुढं मॅडम शेंद्र्याच्या एका नव्या कारखान्यात गेल्या.

गेल्या महिन्यात चाचा रिटायर झाले. हार, नारळ, भाषणं झाली. निघताना मला म्हणाले, “मॅडम को फोन लगा. व्हिडिओवाला.”

लावला. मॅडम हेल्मेट घालून कुठल्याशा पॅनेलपुढं उभ्या होत्या. मागं मशीनचा एवढा आवाज, की काही ऐकू येईना. चाचांनी हातातला नारळ माझ्याकडं दिला आणि दोन्ही पंजे उघडून फोनसमोर धरले.

“देखो मॅडम, पूरे के पूरे घर लेके जारा.”

शब्द पोचले नसावेत. मॅडम नुसत्या त्या हातांकडं बघत राहिल्या.